किल्लेदार जेवतोय

आबा, तुमचा किल्लेदार मेला. मला ते परवाच्या बुधवारी कळलं, शाळेच्या टीव्हीवर. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं का नव्हतं, हेच विचारायला बसलेय खरं तर, पण मधे इतकं काय काय घडलंय की पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तुमची ही लेक, दोन यत्ता शिकलेली, आता इतिहासाचे व्हिडिओ पास-नापास करते. हसू नका. शनिवारी पोरांना कुठला व्हिडिओ दाखवायचा आणि कुठला नाही हे ठरवायला मला गावच्या शाळेत बोलावतात, खुर्ची देतात, चहा देतात, आणि तोही कपबशीत. व्हिडिओ म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या मेंढरांच्या वाड्यावर रेडिओसुद्धा नव्हता. असं समजा की कुणीतरी लांब कुठंतरी बसून गोष्ट सांगतंय, त्याच्या मागं चित्रं हलतायत, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला तयार. कंटाळत नाही, खोकत नाही, तंबाखू मळायला थांबत नाही. बाकी लिहिताना 'हाय' लिहायचं नाही, 'आहे' लिहायचं, असं माझी नात शाळेत जाता जाता बजावून गेलीय, म्हणून मी तसं लिहितेय. मधेच माझी जीभ कागदावर आली तर तुम्ही समजून घ्याल.

सुरुवात अशी झाली. आमचं गाव तुम्हाला आठवेल, पलूसपासून लांब नाही, तुम्ही ज्या शिवारात मेंढरं बसवायचा त्याच बाजूचं. आता तिथं सगळ्या द्राक्षाच्या बागा झाल्यात, मेंढरू आत शिरलं तर मालक फोन करून बोलावतो. तर शाळेला मोठा टीव्ही मिळाला. शनिवारी पोरांनी दप्तर आणायचं नाही, गाणी म्हणायची, खेळायचं, टीव्हीवर काही चांगलं बघायचं, असं बाईंनी ठरवलं. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, लय हौशी. पण पहिल्याच शनिवारी त्यांनी न बघता लढाईचा एक व्हिडिओ लावला. तलवार फिरली की पडद्यावर लाल शिंतोडे, आणि ढोल असे की खिडकीच्या काचा थरथरल्या. पहिलीतलं एक पोर बाकाखाली जाऊन बसलं ते बाहेर येईना. माझी नात चौथीत आहे, तशी धीट आहे, विहिरीत सूर मारते, पण तीसुद्धा त्या दिवशी घरी येऊन नुसता भात चिवडत बसली. मग पालकांची सभा लागली. सून पतसंस्थेत कामाला, तिला रजा मिळेना, म्हणून मी गेले. जो तो म्हणतोय, टीव्ही बंद करा, काढून कपाटात ठेवा. बाईंचं तोंड एवढंसं झालेलं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी उभीच राहिले. म्हणाले, "आवं बाई, परक्या शिवारातलं पाणी आपुन आदी सोता पिऊन बगतो, मग लेकरास्नी देतो. ह्ये बी कुणीतरी आदी बगा की." बाई म्हणाल्या, "पण आजी, बघणार कोण?" मी म्हणाले, "मी बगते."

सगळी सभा हसली. मागून एक जण म्हणाली, "म्हातारीला फुकट टीव्ही बगायचाय." मी वळून म्हणाले, "व्हय, बगायचाय. तू बी ये, तुला बी चा मिळंल." ती काही आली नाही. आले ते सुभेदार, आमच्या आळीतले, फौजेतून आलेले, मिशी अजून पलटणीतलीच. ते म्हणाले, लढाईचं मला कळतं, मी बसतो. असे आम्ही तिघं झालो. खरं काय आणि खोटं काय ते बाईंनी पुस्तकं काढून ताडायचं. तोफा-बंदुकांचं सुभेदारांनी बघायचं. आणि लेकरांना ते सोसंल का नाही, ते मी बघायचं. मला यातलं काय कळतं असं कुणी विचारलं नाही, ते बरं झालं. विचारलं असतं तर तुमचं नाव सांगावं लागलं असतं.

कारण ती विद्या तुमचीच आहे, आबा. दिवेलागण झालीय. आपला वाडा कुंडलच्या बाजूला कुणाच्या तरी काळ्या रानात उतरलाय. मेंढरं जाळीच्या कुंपणात गप बसलीत, त्यांचं खत रानमालकाला आणि त्याच्याकडून आपल्याला जोंधळं. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतेय आणि आम्ही भावंडं घोंगड्यावर पाय पसरून तुमच्या समोर. तुम्ही किल्लेदार सांगताय. साताऱ्याकडच्या डोंगरातला गड, खाली वैऱ्याची फौज, गडावर बायका, पोरं, म्हातारी माणसं. किल्लेदार म्हणतोय, तुमी मागच्या वाटंनं उतरा, तवर दार मी धरतो. हत्ती दाराला धडक देतायत. दाराचे खिळे वाकतायत. तुमचा आवाज खाली खाली जातोय आणि तुम्ही आमच्या तोंडाकडं बघतच नाही, आमच्या पायांकडं बघताय. धाकट्याचे पाय हळूच आत आले, घोंगड्याखाली गेले, की तुम्ही लगेच म्हणता, "आता किल्लेदाराला भूक लागली. दमलाय बिचारा." मग त्याची कारभारीण फडक्यात भाकरी बांधून आणते, तो दारामागच्या उंबराखाली बसतो, बुक्कीनं कांदा फोडतो. आम्ही म्हणतो, "मग?" तुम्ही म्हणता, "मग काय. जेवतोय." आणि तेवढ्यात आई आमच्या हातावर गरम भाकरी ठेवते. धाकट्याचे पाय परत बाहेर येतात.

दुसऱ्या दिवशी गोष्ट पुन्हा फौज आली तिथून सुरू. किल्लेदार उंबराखालून उठलेला मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नाही. एकदा मी तुमचा गुडघा धरून हलवला होता, पुढं सांगा, पुढं सांगा म्हणून. तुम्ही कधी आवाज चढवला नाही, पण तेव्हा चढवला. "जेवणाऱ्याला उठवत्यात का गं? पाव्हणा असू दे न्हाईतर वैरी, जेऊ द्यावं." मी गप बसले ती बसलेच. दोन यत्तांत इतिहास काही आला नाही, त्यापुढं मेंढरांमागं हिंडले, मग लग्न, मग हे गाव, बागा, पोरं. कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. विचारायला तो कुठं हरवला होता? माझ्यापुरता तो तिथंच होता, उंबराखाली, भाकरी मांडीवर घेऊन.

तर आमचं काम जोरात चालू झालं. बुधवारी शाळा सुटली की बाई खिडक्यांना पडदे लावतात, आम्ही बसतो. लय मजा येते आबा, तुम्हाला खरंच सांगते. काय काय बघितलं मी. जमिनीत पेव खणून धान्य कसं ठेवायचे त्याचा एक व्हिडिओ होता, तो मी बघता बघताच पास केला, नुसता पास नाही, पुन्हा लावायला लावला. जुन्या विहिरींचा एक होता, पायऱ्या उतरत उतरत आपणच खाली जातोय असं वाटायचं, सुभेदारांनी खुर्चीचा हात धरला होता, मी बघितलं. आणि नापासही लय केले. एक माणूस वाक्यावाक्याला ओरडायचा, जसा काही आम्ही पलीकडच्या डोंगरावर उभे आहोत. मी म्हणाले, "ह्येला आदी कुणीतरी पाणी द्या." नापास. एकात तर रक्त नव्हतं, ढोल नव्हते, चित्रं देखणी, आवाज गोड. सुभेदार म्हणाले, पास. पण तो गोड आवाज सारखा एकच सांगत होता, ती माणसं सगळी तशीच, त्यांच्यावर कधी भरवसा ठेवू नका. मला आमच्या शेजारच्या अत्तारांची नात आठवली. माझ्या नातीच्या बाकावर बसते ती, दोघी एकाच डब्यात जेवतात. मी बाईंना म्हणाले, "हा लावला तर शनिवारी वर्गातली पोरं मान वळवून कुणाकडं बगतील, सांगा." बाईंनी तो काढूनच टाकला, पुन्हा दिसू नये अशा ठिकाणी. सुभेदार मिशी चोळत म्हणाले, "वैनी, ह्ये माज्या ध्यानात आलं न्हवतं."

एका गोष्टीवरून मात्र आमचं दर बुधवारी वाजतं. मी म्हणते, ह्या व्हिडिओंत कुणी जेवतच नाही. राजे लढतात, घोडे पळतात, गड पडतात, पण इतक्या माणसांना भाकरी कोण थापतंय, पाणी कोण भरतंय, ते कुणी दाखवत नाही. जेवण दिसलं की लेकराला जरा धीर येतो, ही पण आपल्यासारखी माणसं होती हे कळतं. सुभेदार म्हणतात, "लडाई हाय वैनी ती. हितं काय पंगती दावायच्या?" मी म्हणाले, "मग तुमी फौजेत काय वारं खाऊन ऱ्हायला?" बाई हसत सुटल्या. सुभेदार आधी हसले आणि मग म्हणाले, "न्हाई. लंगर यायला उशीर झाला की तोफंपेक्षा त्येचीच भीती वाटायची. मागं काय झालं आसंल, म्हणून." लंगर म्हणजे त्यांचा भटारखाना. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

आता मुद्द्यावर येते. माझ्या नातीला मी रोज जेवायच्या आधी तुमचा किल्लेदार सांगते. ती अगदी लहान होती तेव्हापासून. तसाच सांगते, हत्तीची धडक, वाकलेले खिळे, मग उंबर, कांदा, आणि "जेवतोय". तिला दुसरी गोष्ट चालत नाही. तिच्या चित्रांच्या वहीत दर दोन पानांआड एक उंबराचं झाड आणि खाली फेटेवाला माणूस जेवताना. एकदा तर स्वतःच्या ताटात दोन भाकरी वाढून घेतल्या, म्हणे एक त्याला. हे सगळं डोक्यात ठेवून आता बुधवारचं ऐका.

बाईंनी नवा व्हिडिओ लावला. एक बाईमाणूस सांगत होतं, शांत आवाजात, जशी आई धान्य निवडता निवडता बोलते तशी. मागं चित्रं होती कोळशानं काढल्यासारखी काळी-पांढरी. साताऱ्याकडचा गड म्हणाली आणि मी सावरून बसले. खाली फौज, गडावर बायका-पोरं, मागची वाट. आबा, तुमची गोष्ट. टीव्हीत. माझ्या अंगावर काटा आला. मी सुभेदारांचा हातच धरला की, एवढ्या लोकांत, आणि म्हणाले, "आता बगा, आता भाकरी येणार." हत्ती आले. खिळे वाकले, तुम्ही सांगायचा तसेच, कुणी सांगितलं त्या बाईला? मी उंबराची वाट बघतेय. पण उंबर काही येईना. ती बाई तशाच शांत आवाजात म्हणाली, शेवटचं लेकरू डोंगर उतरून गेलं तेव्हा दारात किल्लेदार एकटा उरला होता, आणि ते त्याचं शेवटचं…

"बंद करा," मी म्हणाले. बाईंनी घाबरून बटण दाबलं. पडद्यावर तो दारात तसाच उभा राहिला. "काय झालं आजी?" "हा नको." "का? मला तर आजवरचा सगळ्यात चांगला वाटला. पुस्तकाशी ताडलाय मी, सगळं बरोबर आहे." सुभेदार म्हणाले, "वैनी, एक थेंब रगात न्हाई ह्यात." मी म्हणाले, "नको म्हंजी नको. पोरं पाय आत घेतील." तेव्हा सुभेदारांनी खाली बघितलं आणि हळूच म्हणाले, "पोरं कुटं हायती हितं? पाय तर तुमीच वर घेतल्यात." खरंच की. मी खुर्चीवर मांडी घालून, पदर पायांवर ओढून बसले होते. कधी घेतले वर ते मला कळलंच नाही. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "बरं, राहू दे. शनिवारपर्यंत विचार करा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही दाखवणार."

म्हणजे सगळं माझ्या हातात. हा नापास केला तर माझ्या नातीचा किल्लेदार जेवत राहील, पण एक चांगला व्हिडिओ, खरा, आपल्याच मुलखातला, माझ्यामुळं सगळ्या शाळेला दिसायचा नाही. पास केला तर शनिवारी ती सगळ्यांसमोर बसून तो मेलेला बघणार, आणि मग मान वळवून माझ्याकडं बघणार, की आज्जी, तू इतके दिवस काय सांगत होतीस. बाहेर आले तर ती पायरीवर बसून माझी वाट बघत होती. बुधवारी आम्ही बरोबरच घरी जातो, बागांमधल्या वाटेनं, ती पुढं आणि मी मागं.

थोडं चालून झाल्यावर म्हणते, "आज्जी, आज किल्लेदाराचा लावला हुता न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू बंद केलास ना मदीच? मी म्हणले हुते बाईंना, आज्जीला तो दाखवू नका म्हणून. त्या म्हणल्या, आजींनी बघितल्याशिवाय पोरांना कसा दाखवायचा."

मी वाटेत उभीच राहिले. "तू बघितलायस तो?"

"कवाच. आईच्या फोनवर. मागल्या उन्हाळ्यात."

"आन मला का न्हाई सांगितलंस गं भवाने?"

तिनं बांधावरचं गवत उपटलं, दातात धरलं. तुमच्यासारखंच, आबा, तुम्हाला बघितलेलं नाही तिनं आणि तरी. म्हणाली, "तू त्याला जेवायला बसवतीस तवा तुझं तोंड कसं हुतंय ठाऊक हाय का तुला? तुला वाईट वाटलं आसतं. लहान मुलांवाणी."

घ्या. मी तिकडं खुर्चीत बसून, कपबशीत चहा पीत, लेकरांना काय सोसंल आणि काय नाही ते ठरवतेय, आणि हे लेकरू इकडं वर्षभर माझ्यासाठी ठरवत बसलंय. मला हसू आवरेना. बागेतून डबे घेऊन घरी निघालेल्या बाया वळून बघायला लागल्या, म्हातारीला काय झालं म्हणून. ती म्हणाली, "हसतीस काय?" मी म्हणाले, "तूच बस आता माज्या खुर्चीत." मग जरा वेळानं मी तिला विचारलं, खरंच विचारलं, मोठ्या माणसाला विचारावं तसं, "तुला वाईट न्हाई वाटलं? तो मेला म्हणून?"

"वाटलं की. पण मला एकच कळंना, तो जेवून मेला का उपाशी. ते काय व्हिडिओत सांगत न्हाईत. तूच सांगतीस." आणि चालता चालता, मागं न बघता, असं म्हणाली की मी ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलंय, "मेला ते त्यांनी सांगू दे, जेवला ते तू सांग. मग पुरी झाली गोष्ट."

त्या वाटेवरच मला तो पाहुणा आठवला. इतकी वर्षं आठवला नव्हता. आपल्या वाड्यावर एक म्हातारा उतरलाय, खालच्या अंगाच्या वाड्यातला, पांढरा फेटा, एका डोळ्यानं अधू. तुम्ही किल्लेदार सांगताय, उंबराखाली बसवलाय, आणि तो म्हातारा घसा खाकरून म्हणतोय, "आन मग त्या दारातच त्येला…" तुम्ही ताटली उचलून त्याच्या पुढ्यात सरकवताय. "पाव्हणं, भाकरी गार होतीया. खावा." तो तुमच्याकडं बघतोय, मग आम्हा पोरांकडं, मग आमच्या पायांकडं. आणि गप भाकरी मोडतोय. मला तेव्हा वाटलं त्याला भूक लागलीय. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आबा. मी विचारायला बसले होते ना, ते लिहिता लिहिताच मला मिळालं. तुम्हाला शेवट ठाऊक होता आणि तुम्ही रोज संध्याकाळी तो भाकरीखाली झाकून ठेवत होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेत गेले, बाई अजून कुलूप काढत होत्या. म्हणाले, "बाई, किल्लेदार पास. पर बटन माज्या हातात द्या." त्या म्हणाल्या, "कसलं बटण?" मी म्हणाले, "थांबवायचं." ते बटण म्हणजे आबा, काय सांगू तुम्हाला, दोन उभ्या रेघा असतात, दाबलं की जग जिथं आहे तिथं थांबतं. तुम्हाला त्यासाठी कारभारीण, उंबर, कांदा, सगळं आणावं लागायचं. बाईंनी ते मला शिकवलं, माझं बोट धरून, जसं तुम्ही पाटीवर माझं बोट धरून गिरवून घ्यायचा. ती पाटी तुम्ही पलूसच्या बाजारातून आणली होती, माझी शाळा कायमची सुटल्यावर, माझ्या हट्टापायी. मेंढराच्या पायाखाली फुटली तरी मी तुकड्यावर लिहायची.

शनिवारी सगळी शाळा एका वर्गात दाटीनं बसली. माझी नात पुढं, अत्तारांच्या नातीला चिकटून. सुभेदार खुर्ची सोडून पोरांच्यात खाली बसले, गुडघे कुरकुरले त्यांचे. व्हिडिओ चालू झाला. मी टीव्हीकडं बघितलंच नाही, पायच बघत होते. किती पाय आबा, चिखलाचे, मोजे घातलेले, एका बोटाला चिंधी बांधलेला. हत्ती आले तसे पहिलीतल्यांचे पाय आत जायला लागले, एकेक करून, जसे बागेतले पक्षी चाहूल लागली की दबतात. दारावर धडक बसली, किल्लेदार एकटा राहिला, आणि व्हिडिओतली ती बाई "ते त्याचं" म्हणते न म्हणते तोवर मी बटण दाबलं.

"आता किल्लेदाराला भूक लागली," मी म्हणाले. "दमलाय बिचारा. काडा रं डबे."

सगळ्या शाळेला आधीच सांगून ठेवलं होतं, भाकरी आणि कांदा आणायचा म्हणून. मी तुमची गोष्ट सांगितली. कारभारीण आली, फडकं सोडलं, उंबराखाली बसवला. माझ्या नातीनं उठून सगळ्यांना दाखवलं, कांदा बुक्कीनं कसा फोडायचा ते. एकाचा कांदा सुभेदारांच्या मिशीवर उडाला. वर्गात असला वास सुटला आणि असली कुरकुर चालली चावण्याची की बाई दारात उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. पडद्यावर तो दारात उभा आणि खाली सगळी लेकरं त्याच्यासंगं जेवतायत. एक चिमुरडी म्हणाली, "आज्जी, त्येला पाणी?" सुभेदारांनी आपला तांब्या उचलला आणि टीव्हीखाली नेऊन ठेवला. कुणी हसलं नाही. पाय सगळे बाहेर आले होते.

मग ते पहिलीतलं पोर, जे तेव्हा बाकाखाली गेलं होतं, तेच म्हणालं, "लावा आता म्होरं. झालं त्येंचं जेवण." मी नातीकडं बघितलं. तिनं मान हलवली. आणि मी बटण दाबलं, आबा. जेवणाऱ्याला उठवला नाही मी. तो आपला आपण उठला.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही. तुम्ही जिवंत होता तेव्हासुद्धा तुमचा पत्ता नव्हता. आज ह्या रानात, उद्या त्या. कुणी पत्र लिहिलं असतं तर पोस्टमन मेंढरांच्या मागच्या धुळीतच फिरत राहिला असता. तुमचं घोंगडं अजून आहे माझ्याकडं, त्याच्या घडीत ठेवून देते. नात शाळेतून यायच्या आत ठेवायला पाहिजे, कारण एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. त्या शनिवारी संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, "आजी, शेवट बघितलात ना? किती हळुवार केलाय." मी म्हणाले, "व्हय, लय चांगला." खरं असं आहे की बटण दाबलं आणि मी तो सुभेदारांचा तांब्या उचलून नळावर गेले. भरला, ओतला, पुन्हा भरला. आत टाळ्या वाजल्या तेव्हाच परत आले.